वीरगळ, चैत्रांगण आणि सातवाहन नाणी यांतील चिन्हांवरून रंगात व मातीत अमूर्त काम करताना

माहुलीकर (सातारा)

सर्वांना सस्नेह नमस्कार.

मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि शाळा सुटल्यावर घरी ॲक्रिलिक रंगांत व मातीत स्वतःचे काम करते. सध्या माझ्या कामाचा विषय आपल्या भागात पाहायला मिळणारी जुनी चिन्हे हा आहे. वाई तालुक्यातील किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या परिसरातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), त्यांच्या माथ्यावरील चंद्र-सूर्य, चैत्रात आई अंगणात काढत असे ते चैत्रांगण, आणि सातवाहनांच्या नाण्यांवरील कमानींची टेकडी, नागमोडी नदी, कठड्यातील झाड व चार वर्तुळांना जोडणारे उज्जयिनी चिन्ह, या सर्वांची रेखाटने मी वह्यांमध्ये करून ठेवली आहेत. इथवर सारे सुरळीत चालते. अडचण कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर सुरू होते.

चिन्ह जसेच्या तसे चित्रात आणले की चित्र शोभेच्या वस्तूसारखे दिसू लागते. पाहणारा ‘हा सूर्य, हे गोपद्म, हा शंख’ अशी ओळख पटवतो आणि ओळख पटली की त्याचे पाहणे तिथेच थांबते. ती ओळख पुसावी म्हणून मी आकार मोडत गेले, तर शेवटी कॅनव्हासवर जे उरते त्याचा किकलीच्या दगडाशी किंवा आईच्या रांगोळीशी काहीच संबंध राहत नाही. ते चित्र कोणीही, कुठेही बसून केले असते असे वाटते. या दोन टोकांच्या मध्ये काम कसे करावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न मातीचा. ही चिन्हे मुळात दगडात कोरलेली, धातूवर ठोकलेली किंवा जमिनीवर चिमटीने सोडलेली आहेत, त्यामुळे सपाट रंगात त्यांचा स्पर्श हरवतो असे मला वाटते आणि म्हणून मला रंगाइतकेच मातीतही काम करायचे आहे. आमच्या शेतातील काळी माती भिजवून मी वीतभर लांबी-रुंदीच्या फरशा केल्या. त्यांतील बहुतेक सावलीत वाळतानाच तडकल्या. ज्या टिकल्या त्या ओळखीच्या कुंभारांच्या भट्टीतून भाजून आणल्या, पण थोड्याच दिवसांत त्यांवर जागोजागी पांढरे ठिपके दिसू लागले आणि त्या ठिकाणचे पापुद्रे उडाले. असे का होते? आणि भाजलेल्या मातीवर रंग द्यायचा असेल तर तो कोणता आणि कोणत्या टप्प्यावर द्यावा?

तिसरी शंका औचित्याची आहे. सतीशिळेवरील कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात हा घडण म्हणून मला फार प्रभावी वाटतो, परंतु तो आपल्या कामात आणावा की नाही याबद्दल मनाचा निश्चय होत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हरिपूर_घाट (सांगली)

माहुलीकर ताई, आपला प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि अमूर्त काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच. मी चित्रकार आहे, त्यामुळे रंगाच्या बाजूने लिहितो. मातीबद्दल येथील जाणकार सांगतील.

चिन्हाची बाह्यरेषा हा त्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे आणि आपण नेमका तोच उचलतो, असे माझे ठाम मत आहे. चिन्ह घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते समोरच्या पृष्ठभागाची वाटणी कशी करते, ही पहिली. आणि ते हाताच्या कोणत्या क्रियेतून उमटले आहे, ही दुसरी. या दोन गोष्टी हाती राहिल्या तर आकार कितीही मोडला तरी मूळ सुटत नाही, आणि त्या सुटल्या तर आकार हुबेहूब असूनही चित्र पोकळ राहते.

किकलीचाच वीरगळ डोळ्यांसमोर आणा. खालच्या चौकटीत लढाई असते, पुष्कळदा गाई वळवून नेणाऱ्यांशी झालेली झुंज असते. तेथे माणसे, घोडे, ढाली, शस्त्रे आणि पडलेला वीर यांची अशी गर्दी असते की दगडाची मोकळी पाठ जवळजवळ दिसतच नाही. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन जातात आणि आकृतींची संख्या कमी होते. वरच्या चौकटीत शिवलिंग आणि त्याची पूजा करणारा वीर एवढेच उरते. त्याच्याही वर कलश, आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. हा दगड खालून वर वाचायचा असतो, आणि वर सरकताना त्यातील दाटी टप्प्याटप्प्याने ओसरत जाते. युद्धाकडून शांततेकडे जाण्याची सगळी कथा त्या ओसरण्यात आहे. माणसांच्या आकृती काढून टाकल्या तरी ती बुजत नाही.

आता हेच कॅनव्हासवर करून पाहा. कॅनव्हास उभा आणि अरुंद घ्या, दगडाच्या प्रमाणातला. त्याचे आडवे तीन-चार पट्टे करा, पण त्यांची उंची सारखी ठेवू नका, कारण वीरगळावरही ती सारखी असतेच असे नाही. खालच्या पट्ट्यात करड्या आणि काळ्या रंगाचे जाड थर ओले असतानाच पॅलेट नाइफच्या कडेने ओरखडे काढा, त्यांवर पुन्हा थर द्या, पुन्हा ओरखडा. वरच्या पट्ट्यात हात आखडता घ्या. आणि माथ्यावरील चंद्र-सूर्याकडे दोन वजने म्हणून पाहा: एक भरीव आणि बंद, दुसरे एका बाजूने उघडे. ती वर्तुळ आणि कोर अशीच दिसली पाहिजेत असे मुळीच नाही. एका कोपऱ्यात घट्ट रंगाचा साठा आणि दुसऱ्या कोपऱ्यात कडा विरघळलेली जागा एवढ्यानेही तो तोल साधतो. पाहणाऱ्याला वीरगळ ठाऊक नसेल तरी त्याला खालून वर जाणारी ओढ जाणवेल, आणि ठाऊक असेल तर तो दगड त्याला आपोआप आठवेल.

नाण्यांच्या बाबतीत क्रियेकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. सातवाहनांच्याही आधीची आहत नाणी पाहा. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, वजन जुळवण्यासाठी कोपरे छाटून, त्यांवर एकेक ठसा वेगवेगळा ठोकत. मौर्यकालीन नाण्यांवर साधारणपणे ५ ठसे दिसतात. ठसा तुकड्यावर पूर्ण बसेलच अशी काळजी कोणी घेतलेली नाही. सूर्याचे अर्धे किरण नाण्याच्या कडेबाहेर गेलेले असतात, एक ठसा दुसऱ्यावर चढलेला असतो. चिन्ह कडेने असे तोडले गेले की त्याचे नाव घेण्याची घाई पाहणाऱ्याला करता येत नाही आणि तो रेषेकडे पाहू लागतो. आपण आपली चिन्हे कॅनव्हासच्या मधोमध, चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून ठेवत असाल, तर शोभेच्या वस्तूचा भास तिथूनच येत असावा.

याच संदर्भात नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला साठा मला नेहमी आठवतो. नहपान या क्षत्रपाची (शक राज्यकर्त्याची) १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी तेथे मिळाली आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. टेकडी आणि उज्जयिनी चिन्ह यांच्या खालून नहपानाच्या चेहऱ्याचे नाक, हनुवटी, ग्रीक अक्षरांचे अवशेष डोकावतात. एका सत्तेने दुसरीचे नाव पुसले, पण ते पुरते पुसले गेले नाही. ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्यासाठी ही तयार पद्धतच आहे: आधी एक पूर्ण चित्र करा, ते वाळू द्या, मग त्यावर दुसरे चित्र अशा प्रकारे द्या की पहिले ठिकठिकाणी उघडे राहील. दोन्ही थरांना आपापला अर्थ असला पाहिजे. खालचा थर नुसता पोतासाठी दिलेला असेल तर ते लगेच कळते.

चैत्रांगणाबद्दल एवढेच सांगतो की वहीतील रेखाटनावरून काम करण्याऐवजी पुन्हा जमिनीवर बसून ते काढून पाहा. चिमटीतून रांगोळी सुटताना रेषेच्या सुरुवातीला ती जाड पडते आणि हात पुढे सरकताना बारीक होते, वळणावर थबकते. गोपद्म, शंख, चक्र, कासव, पाळणा, तुळशीवृंदावन, करंडा-फणी ही सगळी वेगवेगळी चिन्हे एकाच हाताच्या त्या एका लयीने बांधलेली असतात. लय घ्या, करंडा-फणी सोडून द्या.

आपल्याकडील मोठ्या चित्रकारांनीही थोड्याफार फरकाने हेच केलेले दिसते. सय्यद हैदर रझा यांचा बिंदू सर्वांना माहीत आहे. पण त्यांची चांगली चित्रे बिंदूमुळे उभी राहत नाहीत, त्याच्याभोवती रंगांचे तापमान पायरीपायरीने बदलत जाते त्यामुळे उभी राहतात. के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६०च्या दशकात लिपी, कुंडल्या आणि गणिती कोष्टके यांवरून चित्रे केली, त्यांतील अक्षरे वाचता येत नाहीत, तरीही एखादे हस्तलिखित समोर आहे हा अनुभव पक्का येतो. प्रभाकर बरवे वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात असताना तंत्रसाधनेतील प्रतिमांकडे वळले, आणि पुढे त्यांनी त्या प्रतिमा जवळजवळ सोडून देऊन घड्याळ, पान अशा साध्या वस्तूंना चिन्हाचे गांभीर्य दिले. मला हा प्रवास अतिशय शिकवणारा वाटतो. याच काळात तंत्रसाधनेतील यंत्रांच्या आकृतींवरून देशभर पुष्कळ चित्रे झाली, आणि त्यांतील जी केवळ यंत्राची सुबक, रंगीत आवृत्ती होती ती आज भिंतीची शोभा एवढ्यापुरतीच उरली आहेत.

शक्य झाल्यास आपल्याच जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात पुन्हा एकदा जाऊन या. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३८ मध्ये त्यांनी ते उभारले, हे आपणास ठाऊक असेलच. तेथे हेन्री मूर यांचे माता व बालकाचे छोटे शिल्प आहे. मूर यांच्यावर मेक्सिकोतील प्राचीन चाकमूल मूर्तींचा गाढ प्रभाव होता. परंतु त्यांनी त्या मूर्तीचा चेहरा किंवा पोशाख घेतला नाही, आडव्या पडलेल्या देहाचा भार आणि दगडाचा दगडपणा घेतला. औंधच्या शिल्पासमोर थोडा वेळ थांबलात तर माझ्या लांबलेल्या लिखाणाचे तात्पर्य तेथे दिसेल.

चाक_आणि_आवा (तासगाव)

ताई, मी कुंभारकाम करणाऱ्या घरातला आहे. वडील गाडगी-मडकी करत असत. मी तेही करतो आणि अलीकडे भाजलेल्या मातीच्या भिंतीवरच्या फरशाही करतो. आपल्या फरशांचे जे झाले त्याची कारणे स्पष्ट आहेत, म्हणून नीट सांगतो.

कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात रानाला जशा भेगा पडतात तशाच आपल्या फरशीला पडल्या. ही माती एकटी कधीच वापरू नये. तिच्यात नदीच्या किंवा ओढ्याच्या काठचा पोयटा मिसळावा, आणि तिचा ताठा कमी करण्यासाठी जुन्या कौलांचा किंवा फुटक्या मडक्यांचा भरडा घालावा. आमच्याकडे घोड्याची लीद आणि राखही घालतात. लीदेतील तंतू वाळताना माती धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेल्यावर बारीक छिद्रे सोडतात, त्यांतून वाफेला वाट मिळते. फरशांसाठी चार भाग मातीला एक भाग बारीक भरडा येथून सुरुवात करून पाहावी. प्रमाण प्रत्येक शिवारातील मातीनुसार बदलते, तेव्हा आधी चाचणी घ्यावी: ओल्या पट्टीवर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ मारावी आणि पूर्ण वाळल्यावर ती मोजावी. रेघ ९ सेंटिमीटरच्या खाली गेली तर आणखी भरडा हवा.

पांढरे ठिपके ही चुनखडी आहे. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सर्रास सापडतात. भट्टीत त्या खड्याचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतील ओल शोषून फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून लावतो. भाजून आणलेली फरशी पहिल्या दिवशी चांगली दिसते आणि मागाहून बिघडते ती त्यामुळे. यावर उपाय एकच आहे: माती भरपूर पाण्यात कालवून, पातळ करून, बारीक चाळणीतून किंवा कापडातून गाळून घ्यावी, खडे वर राहतात. मग तो गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी काढून टाकावे, माती घट्ट झाली की चांगली मळावी आणि ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवावी. मुरलेली माती हाताला वेगळीच लागते.

फरशी थापताना ती एकाच दिशेने लाटू नये, उलटसुलट करून चारी बाजूंनी दाबावी, नाहीतर वाळताना ती एका अंगाने वाकते. जाडी १ सेंटिमीटरच्या आसपास सारखी ठेवावी. वाळवताना खाली वर्तमानपत्र घालावे, कडांवर ओले फडके ठेवावे, कारण कडा आधी वाळतात आणि मधला भाग मागे राहतो, आणि तडा तेथूनच सुरू होतो.

भाजण्याबद्दल: पूर्ण वाळलेल्या मातीतही ओल असते, म्हणून सुरुवातीला बराच वेळ मंद धग द्यावी लागते. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतील गारेचे (क्वार्ट्‌झचे) कण एकाएकी प्रसरण पावतात, तेव्हा त्या टप्प्यावर आच घाईने वाढवली किंवा उतरताना भट्टी घाईने उघडली तर टण्‌ असा आवाज येऊन फरशी दुभंगते. उघड्या आव्यात (कुंभाराच्या उघड्या भट्टीत) तापमान मोजायचे साधन नसते. शेणी, पाचट, भुसा आणि लाकूड कसे रचले यावरून आणि आतल्या लाल रंगावरून अंदाज घ्यावा लागतो. आपले काम सपाट फरशांचे आहे, त्यामुळे त्या आडव्या न रचता कडेवर उभ्या आणि एकमेकींपासून थोड्या सुट्या ठेवायला भट्टीवाल्यांना सांगा.

रंगाचा प्रश्न आपण टप्प्याचा म्हणून विचारलात हे योग्य केलेत. फरशी कातड्याइतकी घट्ट झालेली पण आतून ओलसर असताना त्यावर पातळ मातीचा लेप देता येतो. त्याच मातीच्या पातळ लेपात गेरू मिसळला तर भाजल्यावर गडद तांबडा येतो. पिवळी माती मात्र भट्टीत पिवळी राहत नाही, आचेने तीही तांबडी होते. पिवळा हवाच असेल तर तो भाजल्यानंतर लावावा. काळा हवा असेल तर फरशा भुशात पुरून, भट्टीची तोंडे लिंपून, धूर आत कोंडावा. हवा न मिळाल्याने मातीतील लोखंडाचा तांबडेपणा जातो आणि धुराची काजळीही आत शिरते. एकाच मातीतून तांबडे आणि काळे दोन्ही काढता येणे हे रंगाच्या नळीत मिळत नाही, म्हणून ते जरूर करून पाहा. ॲक्रिलिक रंग कधीही भट्टीत घालू नये. तो भाजल्यावरच लावावा, आणि त्याआधी ॲक्रिलिक मीडियम पाण्यात पातळ करून एक हात द्यावा, नाहीतर भाजलेली माती पहिला थर शोषून घेते आणि रंग निस्तेज दिसतो.

वर हरिपूरच्या दादांनी क्रियेबद्दल लिहिले ते मातीला अधिकच लागू आहे. बेंदराला आमच्याकडे घरोघरी चिखलाचे बैल करतात. वशिंड चिमटीने ओढून काढतात, डोळ्यांच्या जागी ज्वारीचा दाणा दाबतात. त्या बैलात कोरीव असे काहीच नसते. ओढणे आणि दाबणे या दोनच हालचालींत तो पुरा होतो, आणि तरीही तो बैलच असतो. आपण फरशीवर चिन्ह टोकदार काडीने काढत असाल तर ते कागदावरच्या रेखाटनाची नक्कल होणार. त्याऐवजी लाकडाचे, हाडाचे, भाजलेल्या मातीचे ठसे करा आणि ठोका. इनामगावच्या उत्खननात आणि इतरत्र मिळालेली ताम्रपाषाण काळातील जोर्वे संस्कृतीची भांडी पाहिलीत तर लाल पृष्ठभागावर काळ्या रंगातील तिरक्या रेघा, जाळी, त्रिकोण असे अगदी मोजके आकार दिसतात, पण भांडे गोल असल्याने ती नक्षी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता येत नाही. सपाट फरशीपेक्षा एखादे उथळ, वक्र भांडे किंवा नुसता अर्धगोल घेऊन त्यावर काम केलेत तर ‘मधोमध ठेवलेले चिन्ह’ ही अडचण आपोआप सुटेल.

मातीत अमूर्ताकडे जाण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे हिंमत शाह. त्यांचा जन्म १९३३ मध्ये गुजरातमधील लोथलचा. सिंधू संस्कृतीचे प्रसिद्ध स्थळ ते हेच. त्यांची भाजलेल्या मातीची मस्तके पाहावीत. त्यांत नाक-डोळे नावापुरते, पण दाबलेल्या, ठोकलेल्या, चिरलेल्या मातीचा प्रत्येक व्रण जपलेला आहे. सिंधू मुद्रेवरील एकही चिन्ह न उचलता ते काम पुरातन वाटते.

शिळावाचक (कराड)

मी वीरगळ व सतीशिळांच्या नोंदी करण्याचे काम करतो, म्हणून तिसऱ्या शंकेपुरते लिहितो.

सतीशिळेवरील हात ही एका विशिष्ट स्त्रीच्या मृत्यूची खूण आहे. खांबातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वळलेला तो हात आणि त्यातील न फुटलेल्या बांगड्या, तिचे सौभाग्य अखंड राहिले असे सांगण्यासाठी कोरल्या गेल्या. तिची स्वतःची इच्छा काय होती हे दगड सांगत नाही. १९८७च्या कायद्याने सतीप्रथेचे उदात्तीकरण हा गुन्हा ठरवला आहे. त्याचा अर्थ कलावंताने या विषयाला हातच लावू नये असा मी घेत नाही. परंतु हा हात इतर मंगलचिन्हांच्या रांगेत, चंद्र-सूर्य आणि गोपद्म यांच्या शेजारी, एक सुंदर आकार म्हणून बसवणे मला पटत नाही. त्यावर काम करायचेच असेल तर ते स्वतंत्र करावे आणि त्यात तो मृत्यू असावा. ताई, आपला निश्चय होत नाही हे मला योग्य लक्षण वाटते. तो होईपर्यंत थांबण्यात काहीच बिघडत नाही.

दुसरी विनंती सर्वच चित्रकारांना आहे. रेखाटन स्पष्ट यावे म्हणून वीरगळावर खडू फिरवणे, तेल किंवा पाणी लावणे, आणि मातीकाम करणाऱ्यांनी ओली माती दगडावर दाबून ठसा घेणे, हे प्रकार कृपया करू नयेत. झिजलेल्या दगडाचे कण त्या मातीबरोबर सुटून येतात आणि तिचा अंश भेगांत अडकून राहतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना १९५८चा कायदा लागू आहे, राज्याचा स्वतंत्र कायदा १९६०चा आहे, आणि केंद्रीय कायद्यात विद्रूपीकरणासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. गावातील पारावर पडलेला वीरगळ कोणत्याही यादीत नसला तरी तोही तितकाच जुना असतो आणि बहुधा कोणाच्या तरी पूजेत असतो. सकाळी लवकर किंवा मावळतीला तिरपा प्रकाश असताना गेलात तर झिजलेली रेषाही स्वच्छ दिसते. खडूची गरजच पडत नाही.

मातीकामासाठी आणखी एक ठिकाण सुचवतो. आमच्या कराडजवळ आगाशिव डोंगरातील बौद्ध लेण्यांत जे स्तूप आहेत त्यांवर नक्षी जवळजवळ नाही. खाली वर्तुळाकार पीठ, त्यावर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका, बस्स. वर्तुळ आणि चौकोन एकमेकांवर कसे बसतात हे अंधारात हळूहळू दिसू लागते. साताऱ्याजवळचे पाटेश्वरही याच दृष्टीने पाहावे. तेथील शिवलिंगांच्या घडणीतील वैविध्य एका जागी क्वचितच पाहायला मिळते. आणि कुंभार्ली घाट उतरून कोकणात जाणे जमले तर रत्नागिरीकडील सड्यांवरची कातळशिल्पे पाहा. जांभ्या दगडात ठोकून खोदलेल्या त्या रेषांची रुंदी आणि खोली बोटाने नाही, पण डोळ्यांनी नीट अजमावता येते, आणि त्यांतील कितीतरी भौमितिक रचनांचा अर्थ आजही लागलेला नाही. ज्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही अशा चिन्हासमोर बसून रेखाटन करणे हा आपल्या पहिल्या अडचणीवरचा चांगला अभ्यास ठरेल.

माहुलीकर (सातारा)

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. सतीशिळेचा हात मी तूर्त बाजूला ठेवते. माझी सगळी चिन्हे कॅनव्हासच्या मधोमधच असतात, हे हरिपूर दादांचे लिखाण वाचून वह्या पुन्हा चाळल्यावर लक्षात आले. आता वीरगळाच्या प्रमाणातील एका उभ्या कामात खालचा दाट पट्टा भाजलेल्या फरशांचा आणि वरचे पट्टे रंगाचे असे करावे असा विचार आहे. तासगावचे दादा, कॅनव्हासवर फरशा चिकटवता येतील का?

चाक_आणि_आवा (तासगाव)

ताई, कॅनव्हासवर चिकटवू नका. एक फूट लांबी-रुंदीची आणि १ सेंटिमीटर जाडीची फरशी साधारण पावणेदोन किलोच्या आसपास भरते. अशा दोन-तीन आल्या तरी कापड झोळ धरेल आणि वरचा रंग तडकेल. सगळे काम १८ मिलिमीटर जाडीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडवर करा. वरच्या भागात कॅनव्हासचे कापड प्लायवर ताणून चिकटवले तर रंगाला हवा तो पोत मिळेल.

फरशा लहान करा, चार-पाच इंचांच्या. भाजताना वाकण्याचा धोका कमी होतो आणि खालच्या पट्ट्यात हवी असलेली दाटीही मिळते. प्रत्येक फरशी ओलसर असतानाच तिला दोन भोके पाडून ठेवा, भाजल्यावर पाडायला गेलात तर ती फुटेल. भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे ठेवा, कारण माती वाळताना आणि भाजताना तेही आकसते. बसवताना मागे लवचीक सिलिकॉनचा डाग द्या, वरून पितळी स्क्रू हलक्या हाताने आवळा, आणि दोन फरशांमध्ये काडीपेटीतील काडीइतकी फट सोडा. पावसाळ्यात प्लाय फुगतो, त्याला जागा हवी. स्क्रूची डोकी दिसू नयेत असे वाटत असेल तर ती भोके ठशांच्या खोलगट भागात पाडावीत आणि शेवटी गेरू व मीडियम यांच्या घट्ट मिश्रणाने भरून घ्यावीत. माती गाळून झाली की चाचणीच्या दोन पट्ट्या घेऊन तासगावला या, पुढच्या भट्टीत घालून पाहू.